ईसीजी नॉर्मल, मग रात्री अकराला छाती का जळते?

पत्र : माझं वय ३९. यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. शेताची लाईट रात्रीची असते, त्यामुळे हे घरी येऊन आम्ही जेवेपर्यंत साडेनऊ-दहा होतात. साडेदहाला अंग टेकलं की अकराच्या सुमारास छातीच्या मधोमध आग पडते आणि आंबट पाणी घशापर्यंत येतं. मग छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, वाटतं हाच अटॅक. जळगावला दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा नॉर्मल. मेडिकलमधून आणलेली पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची गोळी दोन वर्षांपासून रोज सकाळी चहा-पोळीनंतर घेते. फारच झालं तर इनो पिते. सासूबाई म्हणतात, पित्त आहे, सकाळी बोटं घालून पाडून टाक. हे म्हणतात, टेन्शन घेऊ नको. वादळाचे दिवस आले की त्रास वाढतो. मिश्रीची सवय आहे. यातून अन्ननलिकेचा कॅन्सर होतो असं फोनवर वाचलं आणि होती नव्हती ती झोपही गेली. हे पोटाचं आहे की मनाचं?

ताई, तुमच्या पत्रात दोन्हींच्या खुणा आहेत. आंबट पाणी वर येणं, तेही आडवं झाल्यावर, ही पोटातलं आम्ल अन्ननलिकेत चढण्याची खूण. धडधड, मुंग्या आणि ‘हाच अटॅक’ ही घाबरण्याची. दोन्ही त्रास खरे आहेत आणि ते एकमेकांना धरून चालतात. म्हणून नुसती गोळी घेऊन भागलं नाही, आणि ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणूनही भागणार नाही. (हे वाक्य ऐकून कुणाचं टेन्शन गेल्याचं आमच्या तरी पाहण्यात नाही.)

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास गिळताना ते उघडतं आणि लगेच मिटतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा जो पडदा आहे, त्याचे स्नायू याच कड्याला बाहेरून आवळून धरतात. पोट तट्ट भरलं की आतली हवा सोडायला हे कडं काही सेकंद आपोआप सैल पडतं. आपण बसलेले असलो तर ढेकर येऊन भागतं. आडवे असलो तर हवेबरोबर आम्लही वर येतं. जठराला आतून चिकट पदार्थाचा जाड थर असतो, म्हणून त्याला आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही, तिथे ते झोंबतं. तेलकट-तुपकट जेवण, तंबाखू, पोटावरचा दाब आणि भरल्या पोटी झोपणं, या सगळ्यांनी कडं वरचेवर सैल पडतं.

आता यात काळजी कुठून शिरते? घाबरलेला माणूस छातीतून उथळ आणि भरभर श्वास घेतो, सारखं गिळतो, ढेकर काढून ‘मोकळं’ व्हायला बघतो. त्या प्रत्येक खटाटोपात हवा पोटात जाते आणि पोट आणखी फुगतं. काळजीत जठर रिकामं व्हायलाही वेळ लागू शकतो. पण सगळ्यात मोठी गोष्ट मज्जातंतूंची. सतत धास्तीत असलेल्या शरीरात अन्ननलिकेकडून येणारी बारीकशी सूचनाही मेंदू धोक्याची म्हणून वाचतो. नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्ल मोजण्याची तपासणी असते. तीत काही लोकांचं आम्ल अगदी सर्वसाधारण निघतं, तरी तेवढ्यानंही त्यांची छाती जळते. काहींना तर आम्ल वर आलेलं नसतानाही जळजळ होते. ती खोटी नसते, नसा हळव्या झालेल्या असतात. झोप अपुरी झाली की हा हळवेपणा वाढतो. वादळाच्या दिवसांत बागेच्या धास्तीनं झोप उडते आणि तुम्हाला जास्त त्रास होतो, तो यामुळे.

मुंग्यांचंही सांगून टाकतो. भरभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. अशी घाबरण्याची लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग उतरू लागते.

तरी हृदयाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण नॉर्मल ईसीजी म्हणजे कायमची हमी नव्हे. चालताना, जिना चढताना, बागेत घड वाहताना छाती आवळल्यासारखी होत असेल आणि थांबल्यावर सुटत असेल, तर जळजळीच्या नावाखाली घरी बसू नका. फिजिशियनकडून पुढच्या तपासण्या करून घ्या. दाबल्यासारखी कळ, सोबत दरदरून घाम, धाप, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात जाणारं दुखणं असेल तर सरळ १०८ ला फोन करा. बायकांमध्ये कधी कधी छातीत कळ न येता नुसती धाप, मळमळ आणि गळून गेल्यासारखं होतं, हेही लक्षात असू द्या. तुमचा त्रास मात्र जेवणानंतर, आडवं झाल्यावर, आंबट पाण्यासोबत येतो. दिवसभर कामं करताना काही होत नसेल, तर हा सगळा नमुना आम्लाकडे बोट दाखवतो.

गोळीला दोन वर्षांत गुण का आला नाही? पॅन्टोप्राझोल आधी तयार झालेलं आम्ल मारत नाही. जठरात आम्ल बनवणारे पंप खाणं पोटात गेलं की कामाला लागतात आणि चालू झालेले पंपच ही गोळी बंद करते. म्हणून ती रक्तात आधी पोहोचलेली हवी. उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. तुम्ही ती चहा-पोळीवर घेता, म्हणजे बराचसा असर वाया जातो. उठल्या उठल्या गोळी, मग झाडलोट, पाणी भरणं, आणि मग चहा असा क्रम लावा. पूर्ण परिणाम दिसायला चार-पाच दिवस जातात, त्यामुळे ‘आज घेतली, उद्या सोडली’ केलं तर उपयोग होत नाही.

सोबतच्या डोमपेरिडोनची गरज आहे का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. ते मळमळीसाठी थोडे दिवस द्यायचं औषध आहे. काहींमध्ये त्यानं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, विशेषतः काही अँटिबायोटिक किंवा बुरशीवरच्या गोळ्या सोबत चालू असतील तर. पाळी पुढे-मागे होणं, स्तनातून दुधासारखं पाणी येणं हेही त्याचे परिणाम. धडधडीला घाबरणाऱ्या बाईनं दोन वर्षं ते विचारल्याशिवाय घ्यावं, हे आम्हाला पटत नाही.

इनोनं क्षणभर बरं वाटतं, पण त्यातून जो गॅस सुटतो त्यानं पोट फुगतं आणि कडं पुन्हा सैल पडतं. शिवाय त्यात सोडियम भरपूर. बीपी असलेल्यांनी तर रोज घेऊच नये. त्याऐवजी अल्जिनेट असलेलं पातळ औषध मागा. त्याचा पोटातल्या अन्नावर साईसारखा तरंगणारा थर बसतो आणि आम्ल वर यायचं अडतं. जेवणानंतर आणि झोपताना साधारण १० मिली, त्यावर लगेच पाणी प्यायचं नाही. लोहाच्या किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. दुधानंही थोडा वेळच आराम पडतो, मग तेच दूध नवं आम्ल सोडायला लावतं. आणि केळं? घरची बाग आहे म्हणून विचाराल. केळं हे औषध नाही, पण बहुतेकांना ते सोसतं. खुशाल खा, फक्त भरल्या पोटावर झोपताना नको.

सासूबाईंचा उपाय मात्र आजपासून बंद. बोटं घालून जे पिवळं-हिरवं कडू पाणी पडतं ते पित्त यकृतात तयार होतं आणि पचनासाठी आतड्यात येतं. ते प्रत्येकाच्या पोटात असतं. रिकाम्या पोटी जोर लावून ओकलं की ते उलटं वर येतं, एवढंच. रोज ओकण्यानं तेच आम्ल अन्ननलिकेवरून आणि दातांवरून जातं, आणि जोरानं ओकताना अन्ननलिकेच्या टोकाला चीर पडून रक्तही येऊ शकतं. सासूबाईंशी वाद घालायला नको. ‘डॉक्टरांनी ओकायला मनाई केली आहे’ एवढं सांगितलं की पुरे.

आता रात्रीचं जेवण. तुमच्या त्रासाचं मूळ आम्हाला इथेच जास्त दिसतं. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर हवं. तुमचं जेमतेम पाऊण तास आहे. शेताची लाईट तुमच्या हातात नाही, पण जेवणाची वेळ आहे. तुम्ही साडेसातला जेवून घ्या. हे आले की त्यांना वाढा, सोबत बसा, पण ताट घेऊ नका. घरधन्याच्या आधी कसं जेवायचं, हा संकोच आम्हाला ठाऊक आहे. त्यावर हे पत्र त्यांनाच वाचायला द्या.

खाण्याच्या बाबतीत सगळंच बंद करायची आमची रीत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) किंवा दादर ज्वारीची भाकरी गुन्हेगार नाही. शेवभाजीत जळजळ वाढवते ती मुख्यतः वरची तेलाची तर्री. तेलानं पोट उशिरा रिकामं होतं, कडं सैल पडतं. तिखट त्यानंतर झोंबतं. भरताचंही तसंच. वांगं भाजलेलंच असतं, त्रास देतो तो तेलात परतलेला हिरव्या मिरचीचा गोळा, लसूण आणि सोबतचा कच्चा कांदा. हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीला जरूर जा, पण दुपारच्या. वरण-बट्टीचंही तेच: तुपात बुडवलेल्या चार बट्ट्या रात्री दहाला खाल्ल्या तर तरण्याताठ्या माणसालाही बसून रात्र काढावी लागते. चतुर्थीला दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम साबुदाणा खिचडी आणि वर सगळा स्वयंपाक, हेही टाळा. पुदिन्याच्या गोळ्या पोटाला थंड म्हणून चघळतात, पण पुदिन्यानं कडं सैल पडतं. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात सावकाश फिरा. भांडी घासायची तर ओट्याशी उभं राहून, खाली वाकून नव्हे. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: परकराची नाडी. कमरेला वळ उठेल इतकी घट्ट बांधली तर ती पोट सारखी दाबत राहते. जेवणाआधी सैल करा, रात्री तर गाऊनच बरा.

पलंग असेल तर डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या, एकावर एक ठेवा. सहा इंच उंची मिळते. दोन उशा घेण्यानं काम होत नाही. मान वर येते, पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) अंथरूण टाकत असाल तर गोधड्यांचा उतार करा: पहिली घडी कमरेपासून डोक्यापर्यंत, तिच्यावर दुसरी पाठीच्या मध्यापासून, तिसरी खांद्यापासून. हात फिरवून पाहा, पायरी लागता कामा नये. झोपताना डावी कूस. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं आणि वर आलेलं आम्ल लवकर खाली उतरतं.

मिश्रीनं दोन्हीकडून नुकसान आहे. तंबाखूतलं निकोटीन कडं सैल करतं आणि तेच छातीची धडधड वाढवतं. म्हणजे रात्री ज्या धडधडीला तुम्ही घाबरता ती थोडीफार डबीतूनच येते. संध्याकाळची मिश्री सगळ्यात आधी सोडा, मग दुपारची, शेवटी सकाळची. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही. त्या दिवसांत ‘मिश्रीशिवाय पित्त वाढलं’ असं वाटून माणूस पुन्हा डबी उघडतो. मदतीला तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६.

श्वासाचा व्यायाम हा दिखाऊ उपाय वाटेल, पण इथे त्याला थेट कारण आहे. पोटातून श्वास घेतला की कड्याला आवळणारा तोच पडदा बळकट होतो आणि धडधडही बसते. खुर्चीत किंवा भिंतीला टेकून बसा. एक हात छातीवर, एक बेंबीवर. नाकानं मनात चार अंक मोजत श्वास घ्या. बेंबीवरचा हात पुढे यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. मग सहा अंक मोजत ओठांच्या चंबूतून सोडा. चुलीला घालतो तशी फुंकर जोराची नको. समोर दिवा असेल तर ज्योत नुसती हलावी, विझू नये. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, त्यातला एक वेळ रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासानं. बहुतेकांची चूक होते ती मोठमोठा श्वास ओढण्यात. मग चक्कर येते, मुंग्या येतात, आणि ‘मला हे मानवत नाही’ म्हणून सोडून देतात. श्वास लहानच ठेवा, फक्त सावकाश. दुसरी चूक म्हणजे पहिल्यांदा थेट घाबरलेल्या रात्रीच करून पाहणं. महिनाभर शांत वेळी केलेला असेल तरच तो वेळेला उपयोगी पडतो.

तर रात्री अकराला काय करायचं. उठून बसा, परकराची नाडी सैल करा, दोन घोट पाणी, अल्जिनेटचं औषध. मग वीस मिनिटं वरच्या पद्धतीनं श्वास. त्या वेळात तीन गोष्टी करायच्या नाहीत: नाडीचे ठोके मोजायचे नाहीत, मुद्दाम ढेकर काढायची नाही, फोन उघडायचा नाही. ठोके मोजले की ते वाढतात. ढेकर काढायला आधी हवा गिळावी लागते. आणि रात्री अकराला फोनवर ‘छातीत जळजळ’ शोधलं तर पहिल्या पानावर कॅन्सर भेटणारच. मनाशी एवढंच म्हणा: आम्ल वर आलंय, झोंबतंय, अर्ध्या तासात उतरेल.

काळजीचं काय? वादळाची भीती कुणाला सांगून जात नाही. एका झपाट्यात घडांसकट खोडं आडवी झालेली ज्यानं पाहिली आहेत, त्याला ‘विचार करू नको’ म्हणण्यात अर्थ नाही. विचाराची वेळ बदलता येते. संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं वही घेऊन बसा. डोक्यात येईल ते सगळं लिहा. मग ज्यावर काही करता येतं त्यापुढे काम आणि तारीख टाका: फळपीक विम्याचा हप्ता भरला का, पावती कुठे आहे, सोसायटीच्या कर्जाची तारीख कोणती, वाऱ्याच्या बाजूच्या झाडांना आधार कधी द्यायचा. ज्यावर काहीच करता येत नाही, म्हणजे वारा, ते नुसतं लिहून ठेवा. रात्री तोच विचार आला तर ‘उद्या सहाला’ म्हणून परत पाठवायचा. पहिला आठवडा तो ऐकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांना फरक जाणवतो.

दोन-तीन आठवडे हे करूनही दिवसाचा बराचसा वेळ धास्तीत जात असेल, झोप येत नसेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. जळगावच्या शासकीय रुग्णालयात सोय आहे. घरबसल्या बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. काही औषधं अगदी कमी मात्रेत याच हळव्या झालेल्या नसांसाठी देतात, म्हणून ‘वेड्याची गोळी दिली’ असं समजू नका. त्यांचा असर यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला थोडी मळमळ होऊ शकते. मेडिकलमधून झोपेची गोळी मात्र आणू नका. तिची सवय लागते.

आता कॅन्सर. जळजळ असणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो कधीच होत नाही. आपल्याकडे अन्ननलिकेच्या कॅन्सरमागे तंबाखूचा हात मोठा आहे, म्हणजे भीती घालवायचा खरा उपाय पुन्हा त्या डबीपाशीच येतो. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, वाढत चाललेला फिकेपणा, सतत उलट्या, यातलं काहीही असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. यातलं काही नसलं, तरी दोन वर्षं त्रास हटलेला नाही, तेव्हा एकदा दुर्बिणीची तपासणी करावी का, हे डॉक्टरांशी बोला. सहा ते आठ तास उपाशी जावं लागतं, तपासणी पाच-दहा मिनिटांची. अन्ननलिका स्वच्छ निघाली तर निराश होऊ नका. जळजळ असलेल्या बऱ्याच जणांची तशीच निघते. उजव्या बरगडीखाली तेलकट खाल्ल्यावर कळ येत असेल तर तेही सांगा. मग सोनोग्राफी करून पित्ताशयातले खडे बघतात.

गोळी एकदम बंद करू नका. दोन वर्षं आवरून धरलेलं आम्ल गोळी थांबताच काही दिवस उसळून येतं आणि माणसाला वाटतं, आजार परतला. आधी आठ आठवडे बरोबर वेळेला घ्या. आराम पडला की डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन आठवडे एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मधल्या दिवशी गरज लागली तर अल्जिनेट. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, ते एकदा तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद बरोबर न्या: जेवणाची वेळ, काय खाल्लं, झोपायची वेळ, जळजळ किती वाजता, आणि त्या दिवशीची काळजी शून्य ते दहात किती. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही पिशवीत टाका. गुडघ्याच्या किंवा कंबरेच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक घेत असाल तर जठराला त्याचाही त्रास होतो. बीपीची अॅम्लोडिपीन कड्याला सैल करू शकते. ती स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना दाखवायची.